नवं रसायन डाईंगमध्ये घेण्याआधी: सँपलच्या बाटलीपासून रिकाम्या ड्रमपर्यंतचे नियम

डाईंगमध्ये नवं रसायन पहिल्यांदा येतं ते बहुधा पाण्याच्या बाटलीतून. विक्रेता लिटरभर सँपल देतो, बाटलीवर मार्करने ‘वेटिंग – नवीन’ एवढंच लिहिलेलं असतं (वेटिंग म्हणजे सूत पटकन भिजवणारं रसायन), आणि ती बाटली डाईंग मास्टरच्या टेबलावर चहाच्या ग्लासांशेजारी उभी राहते. सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर गेला की टेबलावरची बाटली कुणी विचारून तोंडाला लावत नाही. म्हणून पहिला नियम सगळ्या कायद्यांच्या आधीचा: खाण्यापिण्याच्या भांड्यात रसायन घ्यायचं नाही. सँपल असलं तरी मूळ डबा, त्यावर छापील लेबल आणि सोबत सुरक्षा माहितीपत्रक हवं. यातलं एक जरी कमी असेल तर सँपल परत करायचं.

बाजारात ज्याला सगळे ‘एमएसडीएस’ म्हणतात तेच हे माहितीपत्रक. आता त्याला नुसतं एसडीएस म्हणतात आणि जगभर त्याचे 16 विभाग ठरलेले आहेत. ड्रम उघडणारा कामगार, न्हावा शेवाचा कस्टम अधिकारी, जहाज कंपनी आणि युरोपातला टॉवेलचा खरेदीदार असे चौघेही शेवटी याच कागदावर येऊन थांबतात. तो सुरुवातीलाच नीट मिळाला तर पुढची निम्मी धावपळ वाचते. चुकीचा मिळाला तर ती चूक टॉवेलबरोबर परदेशात जाते.

‘नवं’ म्हणजे कुणासाठी नवं?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. तुमच्या कारखान्यात आजवर न वापरलेलं रसायन तुमच्यासाठी नवं असतं, मग ते जगात शंभर वर्षं जुनं का असेना. कामगाराच्या सुरक्षेपुरता हाच अर्थ खरा.

कायद्याचं ‘नवं’ वेगळं. अमेरिकेत तिथे व्यापारात असलेल्या रसायनांची सरकारी यादी आहे. यादीत नसलेलं रसायन तिथे बनवायचं किंवा आयात करायचं असेल तर किमान 90 दिवस आधी त्यांच्या पर्यावरण संस्थेला, म्हणजे ईपीएला, सूचना द्यावी लागते. तपासणीनंतर ईपीए कधीकधी अटी घालते: अमुक हातमोजे आणि श्वसनयंत्राशिवाय काम करायचं नाही, सांडपाण्यात सोडायचं नाही, ठरलेल्या वापराखेरीज दुसरा वापर करायचा असेल तर पुन्हा कळवायचं. या अटींना तिथे ‘स्नर’ (SNUR, म्हणजे महत्त्वाच्या नव्या वापराचा नियम) म्हणतात. असं रसायन अमेरिकेतून बाहेर पाठवणाऱ्याने निर्यातीची सूचना ईपीएला द्यायची आणि ईपीएने ती घेणाऱ्या देशाच्या सरकारला कळवायची, अशी तरतूद आहे. तुमच्या हातातल्या माहितीपत्रकाच्या 15व्या विभागात ‘स्नर’ हा शब्द दिसला तर तो वगळून पुढे जाऊ नका. अमेरिकेतल्या अटी सोलापुरात कायद्याने लागू होत नाहीत हे खरं, पण ज्या धोक्यासाठी तिथल्या कामगाराला श्वसनयंत्र सक्तीचं केलं तो धोका इथल्या कामगारालाही तेवढाच आहे.

युरोपचा हिशोब वजनावर चालतो. 1 जून 2007 पासून लागू झालेल्या ‘रीच’ कायद्यानुसार कुठलंही रसायन एका आयातदाराकडून वर्षाला 1 टन किंवा त्याहून जास्त युरोपात जात असेल तर त्याची नोंदणी लागते, रसायन जुनं असो वा नवं.

भारतात मुख्य आधार आहे तो 1989 च्या घातक रसायनांचे उत्पादन, साठवणूक व आयात नियमांचा. कामाच्या जागेपुरते कारखाने कायद्याचे नियम होतेच. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली आहे. कामगाराला धोक्याची माहिती देणं, प्रशिक्षण देणं, वैद्यकीय तपासणी करणं आणि साधनं फुकट पुरवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नावं बदलली तरी ती कमी झालेली नाही.

माहितीपत्रक कुठून वाचायचं

सोळाही विभाग पहिल्या दिवशी वाचायची गरज नाही. आधी तिसरा उघडा. त्यात घटकांची नावं, टक्केवारी आणि प्रत्येकाचा कॅस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, असतो. व्यापारी नाव दर वर्षी बदलू शकतं, कॅस क्रमांक बदलत नाही. आपण ज्याला हायड्रोस म्हणतो त्या सोडियम हायड्रोसल्फाइटचा क्रमांक 7775-14-6. शेवटचा आकडा हा पडताळणीचा असतो. तो सोडून बाकीचे आकडे उजवीकडून घ्या आणि अनुक्रमे 1, 2, 3, 4, 5, 6 ने गुणा: 4×1, 1×2, 5×3, 7×4, 7×5, 7×6. बेरीज येते 126. तिचा शेवटचा आकडा 6, आणि क्रमांकाचाही शेवटचा आकडा 6. जमलं. हे जमत नसेल तर क्रमांक चुकीचा टाइप झालाय किंवा मनानेच लिहिलाय. दोन मिनिटांच्या या हिशोबात बनावट कागद बऱ्याचदा तिथल्या तिथे उघडा पडतो.

तिसऱ्या विभागात नुसतं ‘सर्फॅक्टंटचं (साबणासारख्या रसायनांचं) मिश्रण, गोपनीय’ एवढंच लिहिलं असेल तर माल घेऊ नका. व्यापारी गुपित समजू शकतं, पण त्यात प्रतिबंधित काही नाही हे विक्रेत्याने सहीशिक्क्याने लिहून द्यायला हवं. पुढे निर्यातीच्या भागात याची किंमत आकड्यांत दिसेल.

त्यानंतर दुसरा विभाग म्हणजे धोक्याची चित्रं आणि वाक्यं, सातवा म्हणजे साठवण, आठवा म्हणजे हातमोजे-चष्मा-मास्क, आणि दहावा म्हणजे कशाजवळ ठेवायचं नाही. दहावा विभाग भांडारपालाने पाठच करावा. पत्रकाची तारीखही बघा. दहा वर्षांपूर्वीचं पत्रक आणि आजचा माल यांची सांगड बसेलच असं नाही.

मग हे सगळं कामगाराच्या भाषेत उतरवायचं. सोलापुरात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पूर्व भागातल्या कारखान्यांत घरात तेलुगू बोलणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत, शिवाय कन्नड आणि उर्दू बोलणारेही आहेत. वीस पानांचं इंग्रजी माहितीपत्रक फाइलमध्ये लावून काम भागत नाही. रसायनाचं नाव, धोक्याचं चित्र, काय घालायचं, काय मिसळायचं नाही, डोळ्यांत गेलं तर काय करायचं, एवढं एका पानावर मराठीत आणि तेलुगूत लिहून ज्या भिंतीशी ड्रम उभा असतो त्याच भिंतीवर लावायचं.

हायड्रोसचा ड्रम: एक नीट बघू

व्हॅट रंगाचं काम हायड्रोसशिवाय होत नाही. पक्क्या रंगाची चादर म्हणून सोलापुरीचा जो लौकिक आहे त्यात या पांढऱ्या पावडरीचा वाटा मोठा. हायड्रोस बहुधा 50 किलोच्या लोखंडी ड्रममध्ये, आत प्लास्टिकची पिशवी असलेला असा येतो. वाहतुकीच्या नियमांत त्याचा क्रमांक यूएन 1384 आणि वर्ग 4.2, म्हणजे आपोआप तापणारा पदार्थ.

थोडं पाणी हाच त्याचा शत्रू. पावसाळ्यात पत्र्यातून ड्रमवर गळणारे चार थेंब, ओला मग, घामाने भिजलेला हात, एवढं पुरतं. ओलावा लागलेला भाग तापतो, त्या उष्णतेने शेजारची पावडर फुटायला, म्हणजे तिचं विघटन व्हायला, लागते आणि सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. घसा जाळणारा तो वास म्हणजे धोक्याची शेवटची घंटा समजा. कामाच्या जागी आठ तासांच्या पाळीसाठी या वायूची कायदेशीर मर्यादा 2 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 2 भाग, आहे, आणि दमा असलेल्या माणसाला त्याहून कमीतही त्रास होऊ शकतो.

आग लागली की आपला हात आपोआप वाळूच्या बादलीकडे जातो. हायड्रोसच्या बाबतीत वाळू उपयोगाची नाही, कारण या पावडरीला जळायला बाहेरची हवा लागत नाही. वाळूखालीही ती फुटतच राहते. तिथे लागतं भरपूर पाणी, नुसतं शिंपडणं नव्हे तर पूर. बादलीभर पाणी टाकाल तर आग वाढेल. पाइपाचा जोरदार झोत सतत मारता येत असेल तरच पुढे व्हा. नसेल तर सगळ्यांना वारा जिकडून येतो त्या बाजूला बाहेर काढा आणि 101 ला फोन करताना ‘यूएन 1384’ हा क्रमांक सांगा. अग्निशमन दलाला त्या चार आकड्यांतून काय करायचं ते कळतं.

ठेवायचा कसा? जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळीवर, गळक्या पत्र्याखाली नाही, बॉयलरच्या भिंतीला लागून नाही. कोरडा स्टीलचा मग फक्त हायड्रोससाठी, त्यावर रंगाने नाव लिहिलेलं. एका वेळी एकच ड्रम उघडा, काढलं की पिशवीचं तोंड बांधून झाकण लावा. उरलेली पावडर परत ड्रममध्ये टाकायची नाही.

आणि पेरॉक्साइडपासून लांब. ब्लीचिंगचं 50 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हे ऑक्सिजन देणारं, यूएन 2014, वर्ग 5.1. त्यात गंज, कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) किंवा धूळ गेली की त्याचं विघटन सुरू होतं. एका लिटरमधून साधारण 200 लिटर ऑक्सिजन बाहेर पडतो. म्हणूनच त्याच्या कॅनच्या झाकणाला वायू जायला बारीक सोय ठेवलेली असते. गळतं म्हणून ते झाकण एम-सीलने बुजवणं म्हणजे कॅन फुटायची तयारी करून ठेवणं. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं, तेव्हा पेरॉक्साइडला पक्क्या छताची सावलीच हवी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. कॉस्टिक फ्लेक्स पाण्यात हळूहळू टाकायचे, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर ते उकळून अंगावर उडतं. हायपो (ब्लीचिंगचं सोडियम हायपोक्लोराइट) आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरिन वायू तयार होतो, म्हणून त्यांची मापं आणि नळ्याही वेगळ्या ठेवा. रिॲक्टिव्ह रंगांची भुकटी वजन करताना उडते आणि काहींना तिचा कायमचा दमा जडतो. तोंडाला बांधलेला रुमाल ही भुकटी अडवत नाही. एन-95 किंवा एफएफपी-2 दर्जाचा मास्क लागतो आणि वजनकाट्याजवळचा पंखा बंद ठेवावा लागतो.

डोळे धुण्याच्या नळाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. कॉस्टिक डोळ्यांत गेलं तर पहिल्या काही सेकंदांत पाणी हवं आणि ते किमान 15 मिनिटं सलग हवं. लिंबू किंवा व्हिनेगर घालून ‘मारायचा’ प्रयत्न करू नका, त्याने डोळा आणखी भाजतो. आपल्याकडे दोन अडचणी नेहमीच्या. एक म्हणजे गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी. एप्रिल-मेमध्ये ते इतकं तापतं की त्याखाली कुणी मिनिटभरही डोळा धरू शकत नाही. पाणी 16 ते 38 अंशांदरम्यान असावं, म्हणून टाकी सावलीत घ्या आणि नळी उघड्या उन्हातून नेऊ नका. दुसरी म्हणजे पाण्याची रोजची चिंता असलेलं हे शहर. टाकी आटली की आधी कमी महत्त्वाचे नळ बंद होतात आणि त्यात हा नळही धरला जातो. त्याला वेगळी टाकी ठेवा, तिला दुसरा कुठलाही जोड देऊ नका, आणि दर सोमवारी नळ उघडून पाणी गढूळ नाही ना ते बघा.

आयात: कंटेनर निघण्याआधी

रंग, हायड्रोस किंवा खास ऑक्झिलरी (रंगाईला मदत करणारी रसायनं) थेट परदेशातून मागवणारे सोलापुरात आता कमी नाहीत. आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी तुमच्याकडे असेलच. त्यानंतर एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, नीट ठरवा: हायड्रोस 2831 मध्ये, पेरॉक्साइड 2847 मध्ये, रिॲक्टिव्ह रंग 3204 16 मध्ये, व्हॅट रंग 3204 15 मध्ये. या कोडवरूनच जकात ठरते आणि डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) धोरणात माल मुक्त आहे, प्रतिबंधित आहे की त्याला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र लागतं हेही कळतं. बीआयएसच्या सक्तीच्या याद्या वरचेवर बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या आठवड्यातच ताजी स्थिती बघा.

1989 च्या नियमांतला 18वा नियम आयातीचा. रसायन त्या नियमांखाली ‘घातक’ ठरत असेल तर आयातदाराने माल येण्याच्या 30 दिवस आधी, निदान शक्य तितक्या लवकर आणि कुठल्याही परिस्थितीत आयातीच्या तारखेपर्यंत, नेमलेल्या प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं. माल कोण घेणार, कुठल्या बंदरात उतरणार, कसा येणार, किती आहे, आणि त्याची पूर्ण सुरक्षा माहिती. आयातीची नोंदवहीही ठेवायची असते. अनेकजण हे काम क्लिअरिंग एजंटवर सोडतात. एजंट बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयात अर्ज, भरतो, पण 18व्या नियमाची सूचना ही आयातदाराची स्वतःची जबाबदारी आहे.

एकाच कंटेनरमध्ये हायड्रोस आणि पेरॉक्साइड मागवून भाडं वाचवायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. समुद्री वाहतुकीच्या नियमांत वर्ग 4.2 आणि 5.1 एकमेकांपासून वेगळे ठेवावे लागतात. न्हावा शेवाहून रस्त्याने येणाऱ्या ट्रकवर यूएन क्रमांकाची आपत्कालीन माहिती पाटी आणि चालकाजवळ ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाल्यास काय करायचं ते सांगणारं पत्रक, हवं. घातक माल वाहण्याचं प्रशिक्षण नसलेल्या चालकाच्या हाती असा ट्रक देता येत नाही.

जे रंग भारतात वापरायलाच बंदी आहे ते तर मागवूच नका. बेंझिडीन आणि काही ॲझो रंग शरीरात किंवा प्रक्रियेत फुटून कर्करोग करणारी अमाइन देतात. बेंझिडीनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो. 1990 च्या दशकातल्या अधिसूचनांनी असे एकूण 112 रंग बंद केले. स्वस्तातल्या ‘डायरेक्ट’ काळ्या-लाल रंगांत ते अजूनही दडून येऊ शकतात, तेव्हा कलर इंडेक्स क्रमांक (रंगाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

निर्यात: ड्रमचा आणि टॉवेलचा हिशोब वेगळा

चिंचोळीसारख्या वसाहतीतून रसायनच बाहेर पाठवत असाल तर युरोपच्या 1 टनाच्या हिशोबात मिश्रणातला प्रत्येक घटक वेगळा धरतात. वर्षाला 4 टन सॉफ्टनर जातंय आणि त्यात एक घटक 30 टक्के आहे, तर तो झाला 1.2 टन. नोंदणी आली. भारतीय उत्पादक स्वतः नोंदणी करू शकत नाही. एकतर तिथला आयातदार करतो, नाहीतर तुम्ही युरोपात ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे तिथला तुमचा अधिकृत प्रतिनिधी, नेमता. ट्रायइथेनॉलअमाइनसारखी साधी वाटणारी रसायनं डीजीएफटीच्या स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाच्या यादीत, असतात, कारण त्यांच्यापासून रासायनिक अस्त्रं बनू शकतात. अशा मालाच्या निर्यातीआधी ती यादी बघणं चुकवू नका.

टॉवेल मात्र कायद्याच्या भाषेत ‘वस्तू’ आहे, त्याला नोंदणी लागत नाही. अपवाद सुगंधी टॉवेलचा: वापरताना सुगंध बाहेर पडावा हाच हेतू असल्याने त्या सुगंधातल्या रसायनांना पुन्हा 1 टनाचा नियम लागू होतो.

साध्या टॉवेललाही मर्यादा आहेतच. प्रतिबंधित ॲझो अमाइन 30 मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आत हवेत, त्वचेला लागणाऱ्या कापडात फॉर्माल्डिहाइड 75 मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आत, आणि अतिचिंताजनक रसायनांच्या यादीतलं एखादं 0.1 टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते खरेदीदाराला स्वतःहून सांगावं लागतं. ग्राहकाने विचारलं तर 45 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता सुरुवातीची ती ‘वेटिंग – नवीन’ची बाटली. जुन्या, स्वस्त वेटिंग एजंटांत आणि डिटर्जंटांत नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट, म्हणजे एनपीई, असतं. 3 फेब्रुवारी 2021 पासून युरोपात धुण्याजोग्या कापडात त्याची मर्यादा 0.01 टक्के, म्हणजे 100 मिलिग्रॅम प्रतिकिलो. हिशोब मांडा. 100 किलो सूत, 1:8 च्या प्रमाणात 800 लिटर पाणी, वेटिंग एजंट 1 ग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे 800 ग्रॅम माल. त्यात 40 टक्के एनपीई असेल तर 320 ग्रॅम. ते सगळं सुतावर राहिलं तर किलोला 3,200 मिलिग्रॅम. धुण्यात 97 टक्के निघून गेलं तरी 96 मिलिग्रॅम उरतं, मर्यादेला अगदी टेकून. एक धुणं कमी झालं किंवा पाणी गार राहिलं की शिपमेंट नापास. धुऊन निघालेलं जातं कुठे, तर सांडपाणी प्रक्रियेत आणि तिथून पुढे. म्हणून धुणं वाढवत बसण्यापेक्षा तिसऱ्या विभागात एनपीई नसलेला वेटिंग एजंट घेणं शहाणपणाचं आणि स्वस्तही.

प्रत्येक लॉटला वापरलेल्या रसायनांचे बॅच क्रमांक रंगाईच्या कार्डावर लिहून ठेवा. खरेदीदाराची तक्रार सहा महिन्यांनी आली तर कुठला ड्रम वापरला होता ते त्याच कार्डावरून सापडतं.

रिकामा ड्रम

घातक रसायनाचा रिकामा ड्रम, कॅन आणि आतली पिशवी घातक व इतर कचरा नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे घातक कचराच आहे. तो अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचा आणि नमुना 10 चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद) जपून ठेवायचं. सोलापुरात याला फार महत्त्व आहे, कारण नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येणाऱ्या घरात झाकणाचा मोठा निळा ड्रम ही फार कामाची वस्तू. भंगारवाल्याकडून तो शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, दोनदा धुतला जातो आणि स्वयंपाकघरात उभा राहतो. प्लास्टिकच्या भिंतीत मुरलेलं रसायन दोन धुण्यांनी जात नाही. तुमच्या कामगाराच्या घरातही तो असू शकतो. ड्रम आवारातच भरपूर पाण्याने खंगाळा, ते पाणी प्रक्रिया टाकीत सोडा, दुरुस्त करून पुन्हा वापरायला जाणार नसेल तर तळाशी हाताएवढं भोक पाडा, आणि भरलेले किती आले, रिकामे किती गेले याची नोंद महिन्याच्या शेवटी जुळवा.